शेवटच्या बोटाची बेचकी: एका धावऱ्याचं प्रकरण

पुणे जिल्ह्यात आंदर मावळातल्या एका गावच्या, चोपन्न वर्षांच्या शेतकरी बाईंचं हे प्रकरण आहे. धावरं म्हणजे त्वचेत शिरून पसरत जाणारा जंतुसंसर्ग, आणि त्यांना तो पायाला झाला होता. नाव आणि गाव सांगत नाही. मावशी म्हणते, कारण दवाखान्यातही मी त्यांना मावशीच म्हणते. जुलैचा दुसरा आठवडा, भातलावणी ऐन भरात. गुरुवारी सकाळी त्यांचा मुलगा त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. डाव्या पायाला पावसापासून वाचवायला खताच्या गोणीचं प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. ते काढलं तर आत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेरूचा जाड लेप, वाळून तडकलेला.

"दोन दिस झालं मॅडम, पाय नुस्ता पेटलाय," मावशी म्हणाल्या.

मुलाच्या हातात एक रिपोर्ट होता. "टायफॉईड निघालाय," त्यानं सांगितलं.

ताप आधी, लाली मागून

सुरुवात सोमवारी संध्याकाळी झाली होती. मावशी दिवसभर शेजारच्यांच्या खाचरात लावणी करून घरी आल्या, चुलीपुढे बसल्या आणि एकाएकी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. तासाभरात अंग तव्यासारखं तापलं. पायाला तेव्हा काहीच नव्हतं, निदान कुणाच्या लक्षात आलं नाही. जांघेत मात्र दुखत होतं, "अवधाण आल्यावाणी", असं त्यांनी मला नंतर विचारल्यावर सांगितलं.

मंगळवारी सकाळी त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. पावसाळा, ताप, थंडी. तिथे रक्त तपासलं, विडाल चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, कंबरेत एक इंजेक्शन आणि टायफॉईडच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही, कारण पुढे माझीही पाळी येणार आहे. पण विडालबद्दल थोडं बोलायलाच हवं. ही चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं कधीकाळी बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्याकडे अनेकांच्या रक्तात ती आधीपासूनच असतात: जुन्या आजाराची, जुन्या लशीची, कधी भलत्याच जंतूची. त्यामुळे एकदाच केलेली विडाल 'पॉझिटिव्ह' आली, एवढ्यावरून टायफॉईड ठरत नाही. त्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी, लागते. शिवाय टायफॉईडचा ताप बहुधा पायरीपायरीनं चढतो. चुलीपुढे बसलेल्या बाईला तासाभरात हुडहुडी भरून पाडणारा ताप निराळा असतो.

पायाच्या त्वचेत शिरलेला जंतुसंसर्ग पुष्कळदा असाच येतो. आधी थंडी-ताप, जांघेत गाठ, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पायावर लाली. या मधल्या वेळात रुग्ण दवाखान्यात पोचला तर डॉक्टर मलेरिया, डेंगी, टायफॉईड शोधत बसतात आणि पाय लुगड्याखाली झाकलेलाच राहतो. बुधवारी पहाटे मावशींचा पाय लाल झाला, सुजला. घरात दोन तट पडले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या धावरं आहे, गेरू लावा. मुलाला भीती वाटली की खाचरात पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला तर पान लागलं म्हणतात. त्यानं रात्री बॅटरी घेऊन पाय बघितला, दाताच्या खुणा दिसल्या नाहीत, तरी त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. तसं असतं तर सूज तासा-दोन तासांत आली असती, दंशाच्या जागेपासून वर चढली असती, कदाचित हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त गेलं असतं. पण त्यानं विचार केला हे चांगलंच केलं. शंका आली तर गेरू लावत बसण्यापेक्षा तडक सरकारी दवाखाना गाठावा, कारण सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

गेरू धुतल्यावर

लेप कोमट पाण्यानं भिजवून धुवायला आमच्या सिस्टरना पंधरा मिनिटं लागली. गेरूचा लाल आणि जळजळीचा लाल एकमेकांत इतका मिसळतो की धुतल्याशिवाय काही कळत नाही. धुतल्यावर दिसलं ते असं: पावलाच्या वरच्या बाजूपासून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत त्वचा ताणलेली, चकचकीत, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची. गोऱ्या कातडीवर ही लाली भडक दिसते. शेतात राबून रापलेल्या कातडीवर ती जांभळट, तांबूस-काळी दिसते आणि सहज नजरेतून निसटते. म्हणून मी हाताची मागची बाजू वापरते. आधी उजव्या नडगीवर टेकवली, मग डाव्या. डावीकडे तवा होता.

पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्ससनं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, ऊब, ठणका. दोन हजार वर्षं झाली, विद्यार्थ्यांना आम्ही अजून तीच शिकवतो. मावशींच्या पायावर चारही होती. ताप १०२.६, नाडी ११२, रक्तदाब ११०/७०. डावी पोटरी ३८.५ सेंटिमीटर, उजवी ३४. जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ. हे अवधाण म्हणजे वेगळा आजार नव्हे. पायातून वर जाणारा लसीकेचा (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा, लिम्फचा) प्रवाह जिथे गाळला जातो त्या ग्रंथी लढाईला लागल्याची ती खूण आहे. डोळे लाल नव्हते, कावीळ नव्हती, लघवी नीट होत होती, उजव्या पोटरीला दाबून दुखत नव्हतं. हे मी मुद्दाम बघितलं, कारण चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आला की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार करावाच लागतो.

याला आमच्या भाषेत सेल्युलायटिस म्हणतात. त्वचेच्या वरच्या थरात असेल, कडा उठून दिसत असेल तर एरिसिपेलस. लोकांच्या भाषेत दोन्ही धावरं. आयुर्वेदात विसर्प, आणि चरकसंहितेत त्याच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहे. धावणं आणि सरपटणं, दोन्ही नावांत या रोगाचा खरा गुण आला आहे: तो पसरतो. पसरवणारा जंतू बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस, साखळीत राहणारा. १८८३ मध्ये जर्मनीत फेहलायझेन यांनी एरिसिपेलसच्या रुग्णांच्या त्वचेतून तो वेगळा काढून दाखवला. त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस, तो पू करतो: गळू, केसतोड, फोड. पायावर पू नसेल, नुसती पसरणारी लाली असेल, तर मी आधी स्ट्रेप्टोकॉकसचाच विचार करते.

हे निदान डोळ्यांनी आणि हातांनीच करायचं असतं. मी पांढऱ्या पेशी मोजल्या, १७,८०० आल्या. प्लेटलेट १ लाख ९० हजार. साखर बघितली, जेवणानंतरची १३२. ब्लड कल्चर मी पाठवलं नाही, कारण साध्या सेल्युलायटिसमध्ये त्यात जंतू सापडण्याचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी असतं. निदान चुकण्याचं प्रमाण मात्र कमी नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पायाचा सेल्युलायटिस म्हणून आलेल्या २५९ रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना तो नव्हताच असं निघालं. दोन्ही पाय एकदम लाल असतील, खाज असेल, ताप नसेल, महिनोन्महिने तसंच असेल, तर ते बहुधा शिरांमध्ये रक्त साचल्यामुळे होणारं त्वचेचं दुखणं असतं, आणि त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. एका पोटरीत खोल ठणका आणि सूज, पण लाली-ताप नाही, तर शिरेत रक्ताची गुठळी शोधावी लागते. आणि आमच्या भागात आणखी एक: बिब्बा. दुखऱ्या जागेवर बिब्बा घालून आलेला पाय भाजल्यासारखा फोडांनी भरतो आणि भल्याभल्यांना फसवतो. मावशींनी बिब्बा घातला नव्हता.

एक तपासणी मी अशा प्रत्येक पायावर करते, आणि ती करताना माझं काळीज वर-खाली होतं. दाबल्यावर जेवढं दुखायला हवं त्यापेक्षा फार जास्त दुखतंय का? लालीच्या बाहेरही दुखतंय का? कातडी कुठे काळी-निळी, बधिर, लाकडासारखी टणक झाली आहे का? बोटाखाली पापड मोडल्यासारखी चरचर लागते का? रुग्ण बरळतोय का? यातलं एक जरी असेल तर जंतू त्वचेखालच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे औषध पुरत नाही, तासाभराचाही उशीर न करता सर्जनच्या टेबलावर न्यावं लागतं. मावशींच्या पायावर यातलं काही नव्हतं. मंगळवारी मिळालेलं कंबरेतलं इंजेक्शन वेदना थांबवणारं असेल, तर हाच ठणका झाकला गेला असता, म्हणून मी दोनदा तपासलं.

पेनची रेघ

लाली जिथे संपत होती तिथे मी काळ्या मार्करनं रेघ ओढली, नडगीला पूर्ण वळसा घालून, आणि बाजूला तारीख-वेळ लिहिली. मुलाला म्हटलं, मोबाईलवर फोटो काढून ठेव. ही रेघ मला फार मोलाची वाटते. उद्या पाय बरा आहे की वाईट, हे कुणाच्या आठवणीवर सोडायला लागत नाही.

मी दाखल व्हायला सांगितलं. मावशी नाही म्हणाल्या, आणि त्यांचं कारण ऐकल्यावर मला हट्ट धरवेना. त्यांच्याकडे लावणी सावडीनं होते. आठ घरच्या बाया मिळून एकेकाचं खाचर लावतात. मावशींनी सात घरी राबून झालं होतं, आता शनिवारी त्यांच्या वावराची पाळी होती. पाळी चुकली तर आवण (लावायची भाताची रोपं) वाढून बसतं, आणि आठ घरांचा मेळ पुन्हा बसत नाही. शेवटी ठरलं असं: मावशींनी खाचरात पाय घालायचा नाही, सून आणि बाया लावतील, मावशींनी घरी खाटेवर पडून राहायचं. रोज सकाळी मुलानं दवाखान्यात आणायचं, शिरेतून सेफ्ट्रिआक्सोन हे अँटिबायोटिक द्यायचं. ताप वाढला, बरळल्या, पाय काळा पडला, तर विचार न करता मोठ्या हॉस्पिटलात जायचं. पेनिसिलिनची किंवा कशाची ॲलर्जी नाही हे विचारून पहिला डोस तिथेच दिला.

औषधाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम होतं: पाय वर ठेवणं. "उशी घेते," म्हणाल्या. उशी रात्री घरंगळते. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा घालायला सांगितल्या, म्हणजे झोपेतही पाय छातीपेक्षा उंच राहील. सूज उतरली की औषधही दुखऱ्या जागी नीट पोचतं. हे लोकांना किरकोळ वाटतं. पाय लोंबकळत ठेवून बसणारा रुग्ण आणि विटा घालून झोपणारा रुग्ण यांत मला दोन-तीन दिवसांचा फरक नेहमी दिसतो.

शुक्रवारी सकाळी ताप ९९.४. मावशींना भूक लागली होती. पण लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं गेली होती.

मुलगा घाबरला. "इंजेक्शन लागू पडलं नाही मॅडम. पुण्याला नेऊ का?"

हा क्षण प्रत्येक अशा प्रकरणात येतो, आणि इथेच अनेकदा औषध उगाच बदललं जातं, महागडं केलं जातं. पहिल्या एक-दोन दिवसांत जंतू मरायला लागतात, त्यांचे तुकडे आणि विषं ऊतींमध्ये मोकळी होतात, त्यावर शरीर आणखी भडकतं आणि लाली थोडी पुढे सरकते. अशा वेळी ताप, नाडी, भूक आणि ठणका बघायचा. ते सुधारत असतील तर धीर धरायचा. मावशींची नाडी ८८ वर आली होती, पाय हलवता येत होता. मी दुसरी रेघ ओढली, निळ्या मार्करनं, आणि औषध तेच ठेवलं. शनिवारी लाली काळ्या रेघेच्या आत होती. ताणलेल्या कातडीवर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. ती सुरकुती दिसली की मी निर्धास्त होते. त्या दिवशी त्यांच्या खाचरात लावणी चालू होती आणि मावशी खाटेवरून मोबाईलवर सुनेला ओरडून सांगत होत्या, मूठ कुठे पातळ पडतेय ते.

तीन दिवसांनी सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, एकूण आठ दिवस औषध. साध्या सेल्युलायटिसला पाच दिवसही पुरतात. मावशींची सूज जुनी होती म्हणून मी थोडं वाढवलं.

मेंदी

आता मी माझ्या चुकीकडे येते.

मावशींचा हा तिसरा पावसाळा होता. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्याच पायाला हेच झालं, तेव्हा त्या एका खासगी हॉस्पिटलात चार दिवस होत्या. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा झालं आणि त्या माझ्याकडे आल्या. मी रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात नोंद होती: डावा पाय सेल्युलायटिस, ताप १०१, सात दिवस गोळ्या, शुगर नॉर्मल, बरा. बास. पाय मी तपासला होता. पायाची बोटं तपासली नव्हती.

या वेळी सिस्टर गेरू धुताना म्हणाल्या, "मॅडम, हा गेरू निघत नाहीये." बोटांच्या मधला रंग जात नव्हता. मी खाली वाकले. तो गेरू नव्हता, मेंदी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, यांच्या बेचकीत विटकरी डाग. मी ती दोन बोटं हातांनी फाकवली. ही जागा इतकी चिंचोळी असते की फाकवल्याशिवाय दिसतच नाही. आत कातडी पांढरी, भिजलेल्या पावासारखी फुगलेली, तिचा ओला पापुद्रा सुटलेला, आणि तळाशी अर्धा सेंटिमीटर लांब लालभडक चीर. आंबूस वास. उजव्या पायालाही होतं, पण चीर नव्हती.

"हे कधीपासून?"

"चिखल्या त्या. दरसाली व्हत्यात. रोज रातीला मेंदी लावते की."

"मग सांगितलं का नाही?"

"चिखल्या काय आजार हाय का मॅडम?"

दरवर्षी, रोज रात्री त्या स्वतःचा इलाज करत होत्या. बाईला दुखणं कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांत तिला ते कुणी विचारलं नाही, आणि तिला ते सांगण्याजोगं वाटलं नाही. पावसाळ्यात चिखल्या होणारच, जसं उन्हाळ्यात घामोळं. आणि आम्ही डॉक्टर? आम्ही साखर तपासतो. साखर नॉर्मल आली की आम्हाला वाटतं, कारण शोधून झालं.

फ्रान्समध्ये पायाच्या एरिसिपेलसच्या १६७ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तसाच आजार नसलेल्या माणसांशी त्यांची तुलना केली. सर्वांत मोठा धोका दिसला तो पायाच्या जुन्या सुजेचा, त्याखालोखाल त्वचेतल्या कुठल्याही दाराचा: जखम, व्रण, भेग. नुसत्या बोटांच्या बेचकीतल्या चिखल्यांनी धोका जवळपास चौदा पटीनं वाढत होता. मधुमेहाशी त्या अभ्यासात संबंध आढळला नाही. मधुमेह महत्त्वाचा नाही असा याचा अर्थ मुळीच नाही; त्या रुग्णाचा पाय तर रोज बघायला हवा. पण साखर नसलेल्या, धडधाकट, दहा तास वाकून भात लावणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं धावरं का होतं, याचं उत्तर त्या बेचकीत आहे.

मावशींच्या बाबतीत क्रम असा असणार. लावणीचे तीन आठवडे पाय सतत चिखलात. कातडी फुगते, तिच्यावर बुरशी बसते, पापुद्रा सुटतो, चीर पडते. चिरेतून स्ट्रेप्टोकॉकस आत जातो आणि लसीकेच्या बारीक वाहिन्यांतून वर धावतो. पहिला हल्ला बरा होतो, पण जाताना त्या वाहिन्या थोड्या खराब करून जातो. म्हणून घोट्याभोवती थोडी सूज कायमची राहते. सुजलेल्या भागात लसीका तुंबते, तिथे जंतूला फावतं, दुसरा हल्ला सोपा होतो. दुसऱ्यानंतर सूज आणखी वाढते. गेल्या वर्षी माझ्या औषधानं पाय 'बरा' झाला तेव्हा घोट्याला बोट दाबलं की खळगा पडत होता. तो खळगा मी बघितला होता. वयाचा असेल म्हणून सोडून दिला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा सिंधुदुर्गात हत्तीरोगाच्या रुग्णांना पाय लाल होऊन तापाचे जे हल्ले येतात, त्यांतही बहुधा हाच जंतू आणि हीच बेचकी असते. म्हणून तर त्या रुग्णांना पाय साबणानं धुऊन बोटांच्या मधे कोरडे करायला शिकवतात.

दार बंद करायचं तर

गमबूट घाला, असं सांगणं मला सोपं होतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चिखलणी केल्याल्या वावरात बूट गेला की बूट तिथंच, पाय भायेर." खरं आहे. गुडघाभर चिखलात पाऊल रुतवत मागे सरकत लावणी होते. बूट घालून ती करून दाखवलेली बाई मी पाहिलेली नाही. तेव्हा चिखल टळणार नव्हता. ओल किती वेळ राहते, तेवढं हातात होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून दिवस मांडला. दुपारच्या भाकरीला बांधावर आल्यावर पाय स्वच्छ पाण्यानं धुवायचे, नुसते झटकायचे नाहीत, सुती चिंधीनं प्रत्येक बेचकी टिपायची. संध्याकाळी घरी साबणानं धुऊन तसंच. रात्री शेवटच्या दोन बेचक्यांत बुरशीचं साधं मलम, क्लोट्रिमॅझोल, शंभर रुपयांच्या आत मिळणारी ट्यूब. दिसायला बरं झालं तरी चार आठवडे पूर्ण. झोपताना बोटांमधे पट्टीच्या कापडाची घडी, म्हणजे कातडी कातडीला चिकटत नाही. टाचेच्या भेगांना कोकमाचं तेल त्या लावतच होत्या, ते चालू ठेवायला सांगितलं. मेंदीचं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चीर असताना नको, आणि चिखलणीच्या आधी लावली तर माझी हरकत नाही. पण तिच्यावर भरवसा ठेवून बसू नका.

एक ट्यूब त्यांच्याकडे आधीपासून होती, मेडिकलमधून विचारून आणलेली. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि तीव्र स्टेरॉइड, सगळं एकत्र. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोकांना ती आवडते. पण स्टेरॉइडमुळे त्वचेची लढण्याची ताकद कमी होते, कातडी पातळ होते आणि बुरशी खालून फोफावते. ती ट्यूब मी टाकायला लावली. गजकर्ण-नायटा चिवट होण्यामागे या मिश्र मलमांचा मोठा हात आहे, हे मी रोज पाहते आणि प्रत्येकाला सांगते.

सूज उतरायला पाय आणखी दोन आठवडे विटांवर, आणि नंतर संध्याकाळी दाबपट्टी. पावलातली नाडी नीट लागते हे तपासूनच पट्टी दिली, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला आवळणं घातक असतं. ऑस्ट्रेलियात जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेल्या ८४ जणांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दाबपट्टी किंवा मोजे वापरणाऱ्यांत १५ टक्क्यांना पुन्हा हल्ला आला, न वापरणाऱ्यांत ४० टक्क्यांना. एवढा फरक मलाही अपेक्षित नव्हता.

पेनिसिलिनचा विषय मी काढला तेव्हा मावशींचा चेहरा उजळला. त्यांचे सासरे पिंपरीला "पेनिसिलिनच्या कंपनीत" होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथे मावळातली पुष्कळ माणसं कामाला लागली. ज्या औषधावर त्या घराची एक पिढी जेवली, ते स्ट्रेप्टोकॉकसवर आजही चालतं. बाकीचे जंतू एकेका औषधाला जुमानेनासे होत असताना हा जंतू पेनिसिलिनपुढे अजून मान टाकतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २७४ रुग्णांना, ज्यांना तीन वर्षांत दोन किंवा अधिक हल्ले आले होते, त्यांना वर्षभर रोज दोनदा थोडं पेनिसिलिन देऊन बघितलं. पुन्हा हल्ला येण्याचं प्रमाण ३७ वरून २२ टक्क्यांवर आलं. हे २०१३ सालचं. पण गोळ्या थांबल्यावर संरक्षणही ओसरलं, आणि पायाला जुनी सूज असलेल्यांना फायदा कमी झाला.

मावशी त्या अभ्यासात बसल्या असत्या. मी दोन्ही बाजू सांगितल्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आधी बोटं बघू. पुना झालं तर गोळ्या हायेतच." मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. दार उघडं ठेवून रोज पहारेकरी नेमण्याआधी कडी लावून बघायला हवी होती, आणि ती कुणी लावलीच नव्हती.

पुढचा पावसाळा

दिवाळीपर्यंत डावी पोटरी ३५ वर आली. मावशींनी पट्टी थंडीत नेटानं वापरली, उन्हाळ्यात सोडली. मी रागावले, त्यांनी ऐकून घेतलं, पुन्हा थोडी वापरली. मृग लागल्यावर स्वतःहून आल्या आणि दोन ट्यूब घेऊन गेल्या.

त्या वर्षी लावणीत ताप आला नाही. जुलैच्या शेवटी एकदा बेचकी पांढरी पडली, जांघेत किंचित दुखलं, तेव्हा त्या हुडहुडीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आल्या. चीर नव्हती, ताप नव्हता. दोन दिवस वावरात जाऊ नका म्हटलं. एक दिवस गेल्या नाहीत.

गौरी-गणपतीनंतर त्या पुन्हा आल्या. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: डावी ३४.५, उजवी ३४, घोट्याला खळगा नाही, दोन्ही पायांच्या बेचक्या कोरड्या. मावशी उठल्या, पण गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सावडीतल्या एका तरुण बाईला हाताला धरून आत आणलं. ती खोकल्याचं औषध न्यायला आली होती आणि पाय पदराखाली ओढून घेत होती.

"लाजतीस काय," मावशी तिला म्हणाल्या, आणि स्वतः खाली बसून तिची करंगळी फाकवून धरली. "मॅडम, हिचं ह्ये बघा आधी. खोकला मग."